पाच सेंटांचा फरक

मेसचे पैसे वाचवून जुने कॉमिक्स मागवणाऱ्या मित्रांसाठी लिहितोय. मार्व्हलने १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच मुखपृष्ठांत काढला. ८० लाखांवर प्रती गेल्या. लोकांनी पाचही जपून ठेवल्या, म्हणूनच आज त्यांना फारसा भाव नाही! उलट १९७७ चा 'स्टार वॉर्स' अंक १ बघा. किंमत ३० सेंट, पण दरवाढ चालते का हे पाहायला मोजक्याच शहरांत ३५ सेंट छापले. आतलं पानन् पान तेच. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता त्याच प्रतीला हजारो डॉलर पडतात. मला तरी अशी नकळत झालेली दुर्मिळताच खरी वाटते. फक्त, नंतरच्या पुनर्मुद्रणांवरही ३५ सेंट आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी 'रीप्रिंट' हा शब्द कुठे दिसतो का, ते मुखपृष्ठावर आणि आतही शोधा.