बाळाच्या पाठीतली शेगडी

प्रसूतिकक्षात असताना आजीबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘सिस्टर, बाळाला आंघोळ कधी?’ खरे सांगायचे तर सुरुवातीला आम्हीही बाळ धुऊन मगच आईकडे देत होतो. तसेच शिकवले होते.

थंडीत आपण कुडकुडतो, स्नायू हलून ऊब येते. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती, मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते. पांढरी चरबी साठवणीची, ही जाळण्याची. तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात. त्यांतल्या लोहामुळे तो रंग येतो.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचे वीजघर. धरणात पाणी साठवावे तसे ते आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन साठवते. ते टर्बाईनवरून परतले की एटीपी, म्हणजे पेशीची वीज, तयार होते. तपकिरी चरबीत यूसीपी-१ हे प्रथिन दुसराच दरवाजा उघडते. प्रोटॉन टर्बाईन चुकवून परततात आणि ऊर्जेची उष्णता होऊन रक्तावाटे अंगभर जाते. त्वचेला गारठा लागला की मेंदूचा निरोप नॉरॲड्रेनालिनमार्फत येतो आणि ही शेगडी पेटते.

पण तिला जळण लागते. ऑक्सिजन, साखर, चरबी, सगळेच जास्त खर्च होते. गारठलेल्या बाळाची साखर उतरते, ते सुस्त पडते, अंगावर ओढत नाही. आणि दूध न मिळाल्याने आणखी गार पडते. ही चरबी मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत साठते. म्हणून वेळेआधीच्या आणि अडीच किलोच्या आतल्या बाळाची शेगडी लवकर विझते.

(मोठ्यांतही ही चरबी थोडी असते, हे २००९ मध्ये स्कॅनवरून पक्के झाले. ती ‘पेटवून’ वजन उतरवणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नये.)

तर आजीबाई, पहिले २४ तास आंघोळ नको. बाळ कोरडे पुसा, टोपी घाला, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घाला. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांसाठी हाच मार्ग धरला. आईला उठवत नसेल तर बाबांची छातीही चालते. तळपाय गार आणि पोट गरम लागले तर शेगडी जोरात जळते आहे. लगेच छातीशी घ्या, पाजा. पोटही गार लागले तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा.