सरपंच सूनबाईला

सूनबाई, सत्कार झाले, शाली-नारळ घरी आले. आता दप्तर बघ. मी उभी हयात ग्रामसेवकी केली, त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगतो.

रोकडवही, म्हणजे नमुना 5, आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेव. शिल्लक जुळली नाही तर कारण लेखी माग, मगच चार्ज घे. नंतर विचार, पंचायतीवर देणं किती? ‘कर्ज नाही’ असं उत्तर येईल. जिल्हा ग्रामविकास निधीतून काही उचललं नसेल, तर ते खरंही असेल. पण पंपाचं वीजबिल, दिवाबत्तीची थकबाकी, ब्लीचिंग पावडर नि पाइप उधार देणाऱ्या दुकानदाराची वही, नळकामगाराचा तुंबलेला पगार, यांची बेरीज कोणी सांगणार नाही. ती तू कर, मासिक सभेत वाच आणि इतिवृत्तात लिहून घे. म्हणजे जुनं देणं उद्या तुझ्या माथी येणार नाही.

पाण्याचा हिशेब तर स्वतःच मांड. समज, 200 जोडण्या आहेत. वीज, पगार, दुरुस्ती मिळून वर्षाला 3 लाख लागतात. जोडणीमागे झाले 1,500 रुपये, आणि पाणीपट्टी आहे 600. सगळ्यांनी वेळेवर भरली तरी दरसाल 1 लाख 80 हजारांची तूट! जलजीवन मिशनमधून नळ दारात आला, पण तो चालवायचा खर्च गावाचाच. पट्टी वाढवली की मतं जातात म्हणतात. जातात थोडी. मे महिन्यात पंपाची वीज तुटली की त्याहून जास्त जातात.

वित्त आयोगाच्या भरवशावर राहू नकोस. पंधराव्या आयोगाने 60 टक्के पैसा पाणी नि स्वच्छतेला बांधून दिला. उरलेले 40 टक्के मोकळे होते, पण पगाराला तेही चालत नव्हते. पगार स्वतःच्या उत्पन्नातून. त्यातलेही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 महिला-बालकल्याणाला, 5 दिव्यांगांना. हे वर्षभर खर्चत जा, मार्चअखेरीस घाईने शिलाई मशिनं वाटत बसू नकोस.

कर्ज काढायचंच असेल तर एसटी थांब्याजवळ गाळे बांध. मागणी किती, अनामत किती बसेल, भाड्यातून हप्ता सुटेल का, हे आधी चाचपून घे. हप्ते तुझ्या पाच वर्षांपलीकडे जाणार असतील तर ग्रामसभेला तसं तोंडावर सांग. स्वागत कमानीसाठी कर्ज काढा म्हणत कोणी आलं, तर चहा पाजून परत पाठव. कमानीला भाडं येत नाही.

राहिली वसुली. आपल्या घराची बाकी असेल तर उद्याच भर. मागणीचं बिल मिळून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली सदस्याचं पदच जातं, आणि विरोधक नमुना 9, म्हणजे कर मागणीची वही, तुझ्याआधी वाचून बसलेले असतात. वसुलीची रोख आधी बँकेत, मग खर्च. हातातल्या पैशातून परस्पर बिल भागवायचं नाही, अगदी शंभराचंसुद्धा. निम्मी थकबाकी बंद घरांची आहे. त्या घरांचे चाकरमानी गणपतीला येतात, आणि घरपट्टीवरची 5 टक्के सूट 30 सप्टेंबरपर्यंत असते. त्या दिवसांत पावतीपुस्तक घेऊन वाडीवाडीत फिर. माणूस कमी पडला तर मला हाक मार, मी येतो.