पाहणीची प्रश्नावली : ज्याला जो प्रश्न लागू, त्यालाच तो विचारावा

खरिपाच्या तोंडावर गावोगावी पाहणी होते. कोणी कोणते पीक पेरणार, बियाणे कोठून आणणार, विहिरीला पाणी किती, जनावरे किती, असे पन्नास-साठ प्रश्न छापलेला कागद किंवा भ्रमणध्वनीवरील तक्ता घेऊन कार्यकर्ता घरोघर फिरतो. ज्याच्याकडे विहीरच नाही, त्यालाही विहिरीची खोली विचारली जाते. ज्याच्या गोठ्यात एकही जनावर नाही, त्याला दुधाचा भाव सांगावा लागतो. चार-पाच प्रश्नांनंतर शेतकरी कंटाळतो व "लिहा तुमच्या मनाने" असे म्हणून मोकळा होतो. येथून पुढे त्या कागदावर जे लिहिले जाते, त्याला माहिती म्हणणे कठीण आहे.

हा दोष टाळण्याचा उपाय म्हणजे प्रश्नावलीत अटी घालणे. एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुढील प्रश्न विचारावयाचा की वगळावयाचा हे आधीच ठरवून ठेवावयाचे. "असल्यास हे विचारा, नसल्यास पुढे जा" एवढेच हे तत्त्व आहे. तत्त्व सोपे असले तरी अट चुकीच्या जागी पडली तर एखादा शेतकरी पाहणीतून साफ गळतो. आणि पाहणीतून जो गळला, तो पुढे प्रात्यक्षिकाच्या व मदतीच्या यादीतूनही गळण्याचा संभव असतो.

पहिली अट : शेतकरी कोणाला म्हणावयाचे?

पुष्कळ प्रश्नावल्यांचा आरंभ "सातबारा तुमच्या नावावर आहे काय?" या प्रश्नाने होतो व "नसल्यास मुलाखत संपवावी" अशी सूचना त्याखाली असते. या एका ओळीने काय होते ते पाहावे. समजा, एका गावात एक विधवा बाई गेली सहा वर्षे तीन एकर जमीन स्वतः कसते आहे. उताऱ्यावर अद्याप सासऱ्याचेच नाव आहे. वारसनोंद राहून गेली आहे. पेरणी कधी करावयाची, बियाणे घरचे वापरावयाचे की विकतचे, हे सर्व तीच ठरवते. शेजारचा वाटेकरी दुसऱ्याची पाच एकर जमीन अर्धेलीने करतो. पहिल्याच प्रश्नाला दोघांचे उत्तर "नाही" असे येते व दोघेही गळतात. उलट, ज्याच्या नावावर उतारा आहे पण जो पंधरा वर्षे शहरात नोकरीस आहे, त्याच्या घरी मात्र साठही प्रश्न विचारले जातात.

भारताच्या कृषिगणनेत ही अडचण प्रारंभीच ओळखलेली आहे. सन १९७०-७१ पासून चालत आलेल्या या गणनेत वहितीच्या क्षेत्राची व्याख्या मालकी कोणाची हे न पाहता केली जाते. जो जमीन प्रत्यक्ष कसतो व तिची जबाबदारी वाहतो, तो खातेदार धरला जातो. तरीही सन २०१५-१६ च्या गणनेत स्त्री-खातेदारांचे प्रमाण शेकडा १४ च्या आसपासच नोंदले गेले. शेतावर राबणाऱ्या स्त्रियांची संख्या ज्याने डोळ्यांनी पाहिली आहे, त्याला हा आकडा तोकडा वाटल्यावाचून राहणार नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीचे उदाहरणही बोधप्रद आहे. सन २००३ च्या शेतकरी-पाहणीत ज्याच्या ताब्यात काही ना काही जमीन आहे, तोच शेतकरी धरला होता. सन २०१३ च्या पाहणीत जमिनीची ही अट काढून टाकली. त्याऐवजी कुटुंबाला मागील वर्षात शेती-उत्पादनापासून ३००० रुपयांहून अधिक प्राप्ती झालेली असावी व निदान एक माणूस शेतीत स्वतःचा व्यवसाय म्हणून काम करणारा असावा, अशी दुहेरी अट घातली. सन २०१९ च्या पाहणीत रकमेची मर्यादा ४००० रुपये झाली. जमीन नसलेला पण शेळ्या किंवा कोंबड्या पाळून पोट भरणारा मनुष्य २००३ च्या दारातून आत येऊ शकत नव्हता. २०१३ च्या दारातून येऊ शकला. दोन पाहण्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडणाऱ्याने हा फरक आधी वाचावा, हेही ओघाने आलेच.

सबब, पहिला प्रश्न असा असावा : "या खरिपात तुम्ही स्वतः कोणती जमीन कसणार आहात काय? मालकी कोणाचीही असो." उताऱ्यावरील नाव अवश्य विचारावे, पण नंतर, त्यावर मुलाखत अवलंबून ठेवू नये.

सोयाबीनच्या बियाण्याचा एक नमुना

समजा, पेरणीपूर्वी बियाण्याची पाहणी करावयाची आहे. तिचा गाभा पुढील सात प्रश्नांत येतो.

प्र. १. या खरिपात तुम्ही स्वतः जमीन कसणार काय? (नाही असल्यास मुलाखत संपवावी, पण घरात दुसरे कोणी कसत असल्यास त्या व्यक्तीस विचारावे.)
प्र. २. सोयाबीन पेरणार काय? (नाही असल्यास दुसऱ्या पिकाच्या भागाकडे वळावे.)
प्र. ३. बियाणे कोठले? घरचे, विकतचे, की दोन्ही?
प्र. ४. घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासली काय?
प्र. ५. शंभर दाण्यांपैकी किती उगवले?
प्र. ६. विकतच्या बियाण्याची पावती, पिशवी व तिच्यावरील टॅग जपून ठेवले काय?
प्र. ७. पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करणार काय?

कागदावर साधारणतः असे लिहिले जाते : "प्र. ३ चे उत्तर विकतचे असल्यास प्र. ६ वर जा. घरचे असल्यास प्र. ४ व ५ विचारून प्र. ७ वर जा." हे ऐकावयास ठीक वाटते. परंतु ज्याने दोन पिशव्या विकत घेतल्या व उरलेले घरचे बियाणे ठेवले, त्याने कोठे जावयाचे? प्र. ५ नंतर तो प्र. ७ वर उडी मारतो व पावतीचा प्रश्न त्याला विचारलाच जात नाही. बियाणे उगवले नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे ज्या पावतीची व टॅगची गरज लागते, त्याची आठवण नेमकी याच शेतकऱ्याला राहून जाते.

म्हणून उडी मारण्याची सूचना मागे ठेवण्यापेक्षा प्रत्येक प्रश्नाच्या माथ्यावर त्याची स्वतःची अट लिहावी. प्र. ४ च्या माथ्यावर : "बियाणे घरचे किंवा दोन्ही असल्यास." प्र. ५ च्या माथ्यावर : "प्र. ४ चे उत्तर होय असल्यास." प्र. ६ च्या माथ्यावर : "बियाणे विकतचे किंवा दोन्ही असल्यास." प्र. ७ ला सोयाबीन पेरणाऱ्या प्रत्येकास विचारावयाचे असल्याने प्र. २ खेरीज दुसरी अट नाही. अशा रीतीने प्रत्येक प्रश्न आपली वाट आपण राखतो आणि मध्ये एखादा नवा प्रश्न घातला तरी क्रमांकांचा घोटाळा होत नाही. भ्रमणध्वनीवरील तक्ते बहुधा याच रीतीने बांधलेले असतात. कागदावर मात्र अटी थोड्या असतील तेव्हा बाण काढणेच सोयीचे पडते.

रिकामी जागा म्हणजे "नाही" नव्हे

ज्याने सर्व बियाणे विकत घेतले, त्याच्या प्र. ४ पुढील जागा रिकामी राहणार. ती "नाही" म्हणून मोजली की हिशेब बिघडतो. समजा, गावात ४० जणांनी सोयाबीन पेरावयाचे ठरविले. पैकी १५ जणांनी केवळ विकतचे बियाणे घेतले. उरलेल्या २५ जणांकडे थोडेबहुत घरचे आहे व त्यांपैकी १० जणांनी उगवणशक्ती तपासली. प्रश्न लागू असणाऱ्या २५ जणांत १० म्हणजे शेकडा ४०. पण चाळीसांवर भाग दिला तर शेकडा २५ येतात, आणि गावाने कामात कुचराई केली असा अन्याय्य शेरा पडतो. म्हणून "होय", "नाही", "माहीत नाही" व "लागू नाही" या चारही खुणा निरनिराळ्या असाव्यात.

"आणि" व "किंवा" यांचीही गल्लत होते. प्रात्यक्षिक कोणाकडे घ्यावयाचे? "बियाणे घरचे किंवा दोन्ही" आणि "तपासणी केलेली नाही", अशा दोन्ही अटी ज्यांना लागू आहेत त्यांच्याकडे. यांपैकी "आणि" च्या जागी "किंवा" पडला तर वरील उदाहरणात १५ ऐवजी निदान २५ नावे यादीत येतात, आणि रिकाम्या जागा "नाही" धरल्या असतील तर सर्व ४०. कार्यकर्त्याचा आठवडा मग ज्यांना गरज नाही त्यांच्या दारात जातो.

आकड्यांच्या सीमा लिहिताना अधिक जपावे. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती निदान ७० टक्के असावी, असे प्रमाण आहे. "७० पेक्षा कमी असल्यास बियाण्याचे प्रमाण वाढविण्याचा सल्ला द्यावा, ७० पेक्षा अधिक असल्यास नेहमीचे प्रमाण सांगावे" असे लिहिले, तर बरोबर ७० दाणे उगवलेल्या शेतकऱ्याला कोणताच सल्ला मिळत नाही. "७० किंवा अधिक" असे लिहिले की काम भागते.

"नाही" म्हटले की काम लवकर संपते

अटींच्या प्रश्नावलीत एक खोड दडलेली असते. पहिल्या दोन-तीन घरांनंतर कार्यकर्त्याच्या ध्यानात येते की, "जनावरे आहेत काय?" याला "होय" आले की बारा प्रश्न वाढतात आणि "नाही" आले की सुटका होते. उन्हात दिवसभर फिरणाऱ्या माणसाचा हात मग नकळत "नाही" कडे वळतो. शेतकऱ्यालाही ही युक्ती उमगते. शेजाऱ्याची मुलाखत ओट्यावर बसून ऐकलेली असतेच. यात लबाडीपेक्षा थकवाच अधिक असतो, म्हणून केवळ दटावून हे सुधारत नाही.

यावर उपयोगी पडलेली रीत अशी की, "आहे की नाही" स्वरूपाचे सर्व प्रश्न आरंभी एका दमात विचारून घ्यावेत : विहीर आहे काय, जनावरे आहेत काय, फळझाडे आहेत काय, पीककर्ज घेतले काय. तपशिलाचे प्रश्न त्यानंतर सुरू करावेत. कोणत्या "होय" मागे किती प्रश्न आहेत, हे तोपर्यंत शेतकऱ्याला कळत नाही. कार्यकर्त्याला ते ठाऊक असते खरे. म्हणून पर्यवेक्षकाने दर गावातील दोन-तीन घरी जाऊन केवळ हे आरंभीचे प्रश्न पुन्हा विचारावेत. पंधरा मिनिटांचे काम आहे.

तक्ता गावात नेण्यापूर्वी

वरील सात प्रश्नांतून वाटा किती निघतात हे मोजावे. न कसणारा, ही एक. कसणारा पण सोयाबीन न पेरणारा, ही दुसरी. केवळ विकतचे बियाणे, ही तिसरी. घरचे व तपासलेले, घरचे व न तपासलेले, दोन्ही व घरचे तपासलेले, दोन्ही व न तपासलेले, अशा आणखी चार. म्हणजे सात काल्पनिक शेतकरी कल्पून कचेरीतच सात वेळा तक्ता भरून पाहावा. एखादा मध्येच अडकला किंवा नको त्या प्रश्नावर पोचला, तर दुरुस्ती तेथेच होते.

सन २०२१-२२ च्या कृषिगणनेचे काम सन २०२२ मध्ये सुरू झाले, तेव्हा माहिती गोळा करण्यास स्मार्टफोन व टॅब्लेट यांचा प्रथमच अवलंब झाला. यंत्रावर लागू नसलेला प्रश्न दिसतच नाही, ही मोठी सोय. पण चुकीच्या अटीने लपलेला प्रश्नही दिसत नाही. कागदावर तो निदान डोळ्यांसमोर तरी असतो. शिवाय, शेतकऱ्याने आधी "घरचे" सांगून दहा मिनिटांनी "नाही हो, सगळे विकतचेच" अशी दुरुस्ती केली, तर आधी भरलेला उगवणीचा आकडा आत तसाच राहून गेला नाही ना, हे पाहिले पाहिजे. पाठविण्यापूर्वी सर्व उत्तरे एकदा वाचून दाखविण्याची सवय ठेवली की अशा चुका बहुधा सापडतात.

प्र. ४ ला "नाही" असे उत्तर येईल, तेथे पुढील प्रश्नाकडे वळण्याआधी कार्यकर्त्याने तपासणीची रीत सांगावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, दुसरे ओले गोणपाट वर घालून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून ती ओलसर राखावी व सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरणीची घाई उडते व मग या आठवड्याला सवड राहत नाही. म्हणून ही पाहणी मे महिन्यातच उरकावी आणि न तपासलेल्यांच्या घरी जूनच्या पहिल्या आठवड्यात प्र. ४ व प्र. ५ हे दोनच प्रश्न घेऊन पुन्हा जावे.