औषध फुकट, आजार महाग

टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, हे खरं आहे. तरीही आमच्या घरावर कर्ज झालं, आणि त्यातलं बहुतेक पहिली गोळी पोटात जायच्या आधीच.

आमचे हे इचलकरंजीत यंत्रमागावर. मजुरी मीटरवर, हिशेब आठवड्याला. खाडा झाला की त्या दिवसाचा पैसा बुडाला. मग खोकला लागला म्हणून सकाळच्या रांगेत कोण उभं राहतं? पाळी सुटल्यावर जो उघडा असतो तोच आपला डॉक्टर. त्यानं सिरप दिलं, मग इंजेक्शन, मग ‘शक्तीचं’ सलाईन. दुसऱ्यानं एक्स-रे आणि रक्त तपासायला लावलं. फळीवर बाटल्यांची रांग लागली, पण थुंकी तपासा असं कुणी म्हटलं नाही. मालकाची उचल अंगावर आली, भिशी आधीच उचलली, माझी कानातली गहाण पडली. शेवटी वस्तीतल्या आशा कार्यकर्त्या ताईंनी थुंकीची डबी हातात ठेवली.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं, असं असेल तर दुसरा कसलाही खर्च करण्याआधी सरकारी केंद्रात थुंकी द्या. एक नमुना सकाळी उठल्याउठल्या घ्यायचा असतो. डबीत लाळ चालत नाही. खोल श्वास घेऊन, खोकून बेडका काढावा लागतो. नुसती लाळ दिली की आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो, आणि पुन्हा सिरप सुरू.

निदान झालं की सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद झाली का, ते विचारा. खाजगी डॉक्टरकडे उपचार घेत असाल तरी विचारा. 2012 पासून टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं त्यांनाही बंधनकारक आहे. पोषणासाठी 2018 पासून महिना 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. बँक खात्याचे कागद आधी नीट करून घ्या, नाहीतर पैसे अडकून बसतात. हजारात घर चालत नाही, पण अंडी, डाळ, शेंगदाणे येतात. ते पेशंटपुरते ठेवू नका. झारखंडमधल्या एका अभ्यासात पेशंटच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

खरा फटका मजुरीचा. सुरुवातीला मागाजवळ उभं राहवत नाही. आजारापायी घराच्या वर्षाच्या कमाईतले 20 टक्के गेले, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला घर मोडणारा खर्च धरते. मला विचाराल तर ही मोजपट्टी ढिली आहे. आमच्यासारख्यांचा दोन आठवड्यांचा पगार चुकला तरी किराणावाला वही मिटतो.

तेव्हा गहाण काय टाकायचं याचा क्रम लावा. कमावणारी वस्तू शेवटी. शेजारणी म्हणाल्या, शिलाई मशीन काढ. मी नाही काढलं. फॉल-पिकोवर त्या दिवसांत दूध आणि भाजी निघाली. बचत गटात आजार लपवू नका. हप्ता पुढे ढकलायचा तर आधी सांगावं लागतं, चुकल्यावर नाही. आठवड्याच्या हप्त्याचं नवं कर्ज काढून जुनं फेडायच्या फंदात तर पडूच नका.

गोळ्यांनी लघवी केशरी होते. आमच्याकडे रक्त समजून धावपळ झाली होती. तो औषधाचा रंग असतो. दोन महिन्यांत अंगात बळ येतं आणि मालकाचं बोलावणं येतं. झेपेल तसं कामावर जा, पण साध्या टीबीचे सहा महिने पुरे करा. मध्येच सोडलं आणि औषधाला न जुमानणारा टीबी झाला, तर उपचार अवघड होतात आणि मजुरी पुन्हा बुडते.

आणि घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या. पोरांना आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध मिळतं, तेही फुकट. सासूबाईंनाही न्या, त्या ‘मला काय धाड भरलीय’ म्हणाल्या तरी.