घरी वारली, वर्गात गप्प

प्रश्न : आमचा मुलगा तलासरी तालुक्यातल्या आश्रमशाळेत आठवीत आहे. घरी आम्ही वारली बोलतो. वर्गात तो गप्प असतो, सुट्टीनंतर परत जायला नको म्हणतो. शाळा सोडवावी का?

उत्तर : सोडवू नका, आधी कारण शोधा. गप्प मूल ‘ढ’ नसतं. त्याच्याकडून एक धडा मोठ्याने वाचून घ्या, मग तोच वारलीत सांगायला लावा. वाचता येतं पण सांगता येत नसेल, तर अडचण पुस्तकी मराठीची आहे. शिक्षकांना ते स्पष्ट सांगा. शेजारच्याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७पासून काम केलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, शाळाच मुलांपाशी नेली. तेवढी आस्था माध्यमिक शिक्षकांकडूनही जरूर मागा.

वसतिगृहाचंही त्याला एकांतात विचारा : जेवण, पाणी, रात्री अधीक्षक असतात का, मोठी मुलं त्रास देतात का. मारहाण निघाली तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. दाद लागली नाही, तर डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात अर्ज करा आणि पोच घ्या. १०९८ या बालमदत क्रमांकावर मुलगा स्वतःही मोफत बोलू शकतो.