पोट्टं म्हणते, डीजे व्हायचं

आई-बाबांनो, बारावीतल्या पोराने "मले डीजे व्हायचं हाय" म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. वरातीपुढे गाडीवर रचलेले स्पीकरचे डबे, लेझरचे झोत, धुमालवाल्यांशी लागलेली चढाओढ, आणि दहा वाजून गेल्यावर आलेली पोलिसांची गाडी. भिवापुरात मिरचीच्या सातऱ्यावर बसून दिवसभर देठ खुडणाऱ्या, रात्री हातांची आग सोसणाऱ्या आईला लेकाने असल्या धंद्यात पडावंसं वाटणार नाही. त्यात तिचं काहीच चुकत नाही. पण लेकाच्या डोक्यात हेच चित्र आहे का, ते कुणी त्याला विचारलंय?

डीजे म्हटलं की त्यात तीन वेगळी माणसं येतात. एक जण साउंड भाड्याने देतो. दुसरा इतरांची गाणी एकाला एक जोडून वाजवतो. तिसरा स्वतःची धून तयार करतो. त्याला प्रोड्यूसर म्हणतात, आणि नाव होतं ते बहुतेक याचंच. त्याला ट्रक लागत नाही. एक बरा लॅपटॉप, हेडफोन आणि एफएल स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात होते. नेदरलँड्सच्या मार्टिन गॅरिक्सची 'अॅनिमल्स' ही धून २०१३ मध्ये आली, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पण खोलीत बसून करायचं हे काम चिवट आहे. हाउस संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असतात. त्या ठोक्याखाली बेस कुठे घ्यायचा, कुठे सगळं थांबवायचं, आवाजावर आवाज चढून चिखल कसा होऊ द्यायचा नाही, यात आठवडे जातात.

म्हणून माझं पहिलं सांगणं साधं आहे. एके संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "तू पूर्ण केलेलं एक ऐकव." अर्धवट फायली दाखवू लागला तर ती अजून हौस आहे, हौसही वाईट नसते, पण तिच्यासाठी शेत विकून कन्सोल आणू नये. आठ-दहा धुना शेवटापर्यंत नेलेल्या असतील तर मात्र तुमच्या घरात एक काम करणारा माणूस आहे. आवडलं नाही तरी मध्येच उठू नका. आपल्याला कळत नाही म्हणजे ते वाईट, हा न्याय आपण ट्रॅक्टरच्या मेकॅनिकला लावत नाही.

मराठीत याला कोण विचारतो, असं म्हणाल तर 'तांबडी चामडी' आठवा. क्रेटेक्स या नावाने वाजवणारा कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचं हे गाणं २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं. गॅरिक्सची 'अॅनिमल्स' काढणारी कंपनी हीच. हाउसच्या ठोक्यावर चक्क मराठी शब्द, आणि मराठी न समजणारेही त्यावर नाचले. आपल्या धुमालचा, संदलचा ठेका ज्याच्या कानात लहानपणापासून बसलाय, त्याच्याकडे मुंबईच्या पोरापेक्षा कमी भांडवल नाही, असं माझं मत आहे.

तरी खोटी आशा लावणार नाही. असं गाणं एखाद्याचंच लागतं. कमाई मुख्यतः कार्यक्रमांची, तीही हंगामी. म्हणून शिक्षण सोडू देऊ नका. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. "डीजेच व्हायचंय तर फिजिक्स कशाला?" याला हे रोकडं उत्तर आहे.

कागदपत्रांचंही बघा. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे भलत्याच मिरचीने ते नाव लावून बाजारात बसायचं नाही. पोराच्या धुनेलाही धनी असतो, आणि तो कोण हे करारात ठरतं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कुणाला सहज लिहून देता येत नाही. तो गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे. पोराची अठरा पूर्ण नसतील तर त्याच्या सहीच्या कराराला कायद्यात किंमतच नाही. "सर, फक्त सही करा" म्हणणारा भेटला तर आधी उमरेडला किंवा नागपूरला वकील गाठा.

आणि कान. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. गेलेले कान परत येत नाहीत. कानातले बोळे त्याच्या पहिल्या कन्सोलच्या आधी घ्या.

आता जे बोलायला जड जातं ते. तुम्हाला भीती आहे पोरगं अपयशी होईल याची. मला तेवढीच यशाची वाटते. स्वीडनचा टिम बर्गलिंग, जग त्याला अवीची म्हणून ओळखतं, त्याचं 'लेव्हल्स' हे गाणं आलं तेव्हा बावीस वर्षांचा होता. मग देशामागून देश, विमानं, जागरणं, आणि स्टेजवर जायची धास्ती घालवायला दारू. २०१२ मध्येच स्वादुपिंडाच्या दुखण्याने त्याला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात नेलं. २०१६ मध्ये त्याने दौरे थांबवले. एप्रिल २०१८ मध्ये मस्कतमध्ये त्याने आयुष्य संपवलं, वय अठ्ठावीस. त्याच्या आईवडिलांनी पुढे त्याच्या नावाने संस्था काढली, तरुणांच्या मनाच्या आजारासाठी.

तेव्हा पोरगा घरातून बाहेर पडताना त्याच्याशी एवढं ठरवून ठेवा: कार्यक्रम रात्री दोनला संपो की चारला, फोन करायचा. पैसे बुडाले, ड्रायव्हर प्यालेला आहे, कुणी काही हातावर ठेवलं, नाहीतर नुसतंच "बाबा, मले नाही जमत आता", काहीही असो. तुम्ही म्हणायचं, "कुठं आहेस? निघतो मी." बाकीचं घरी आल्यावर, जेवण झाल्यावर.