साठ पानांचा कॅट : निवडीचा एक पाठ

सांगली हे बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी हा खेळ येथे असा रुजवला की, विश्रामबागेतील आमच्या वसतिगृहातही पटाभोवती मुले जमलेली नाहीत अशी रविवारची दुपार क्वचितच जाते. बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना सारखेच सैन्य मिळते. घरोघरी खेळल्या जाणाऱ्या मेंढीकोटात एकच कॅट सर्वांना वाटला जातो. सावंतवाडीच्या दहा रंगांच्या गंजिफ्यातही १२० पाने सर्वांची मिळून असतात. अलीकडे मात्र आमच्या मुलांच्या हाती एक निराळा खेळ आला आहे. त्यात प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः रचून आणतो. खेळणारे त्याला ‘डेक’ म्हणतात. आपण आपला रूढ शब्दच वापरू.

या खेळाचा प्रवेश आमच्याकडे काही आनंदाने झाला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतील एका मुलाने अशी पाने आणली आणि पंधरा दिवसांच्या आत दुसऱ्या एका मुलाने एका चकचकीत पानाच्या बदल्यात आपली नवी कंपासपेटी देऊन टाकली. शिक्षकांच्या बैठकीत दोन मते पडली. ही पाने बंद पाकिटांतून विकली जातात. आत काय निघेल हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. सिगालोवाद सुत्तात जुगाराचे जे दुष्परिणाम सांगितले आहेत, त्यांत जिंकणाऱ्याच्या वाट्याला येणारे वैर आणि हरणाऱ्याचा धनशोक यांचा उल्लेख आहे. ही दोन्ही लक्षणे आमच्या डोळ्यांसमोर होती. तरीही आम्ही खेळ बंद केला नाही. खेळ आणि बाजार यांची फारकत केली. विकत घेतलेली पाने पेटीत ठेवावयाची आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलेल्या पानांनीच खेळावयाचे, असा नियम केला. अधिकृत स्पर्धांत अशी पाने चालत नाहीत, वसतिगृहात चालतात. कोणीही कोणतेही पान लिहून घ्यावे, एवढी मोकळीक दिली.

आता सर्वांना न्याय मिळेल, अशी आमची समजूत होती. घडले ते वेगळेच. सर्वांत महाग पाने सर्वांना फुकट मिळाल्यानंतरही पूर्वी हरणारी मुलेच हरत राहिली. पैशाची विषमता दूर झाली तरी जाणतेपणाची उरली होती. ती दूर करणे हे शिक्षकांचेच काम. म्हणून हा पाठ.

खेळाची ओळख

या प्रकारातील आद्य खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा होय. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या रूढ स्पर्धांत कॅटमध्ये किमान ६० पाने लागतात आणि मूळ जमिनीची पाने वगळता कोणत्याही पानाच्या चारपेक्षा अधिक प्रती चालत नाहीत. प्रत्येकाकडे २० प्राणगुण असतात व आरंभी ७ पाने हाती येतात. प्रत्येक पाळीत जमिनीचे एकच पान मांडता येते. मांडलेली प्रत्येक जमीन दर पाळीला एक शक्ती देते आणि त्या शक्तीच्या खर्चातून इतर पाने खेळावयाची असतात. प्रतिस्पर्ध्याचे प्राणगुण शून्यावर आणणे हा जिंकण्याचा मुख्य मार्ग.

रचनेची सूत्रे

पहिले सूत्र हेतूचे. ‘आपण जिंकणार कसे?’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता आले पाहिजे. आरंभापासून वेगाने हल्ला करून, की प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक डाव अडवून शेवटी एका बलवान पानाने? दोन्ही मार्ग योग्य आहेत. अर्धा हा आणि अर्धा तो, हा मात्र मार्ग नव्हे. या उत्तराशी ज्याचा संबंध नाही ते पान कितीही सुंदर असले तरी बाहेर ठेवावे.

दुसरे सूत्र संख्येचे. समजा, एका पानाच्या चार प्रती आपण घेतल्या. पिसलेल्या कॅटमधील पहिल्या ७ जागा हातात येतात आणि ५३ मागे राहतात. चारही प्रती मागेच राहण्याची संभाव्यता ५३/६० × ५२/५९ × ५१/५८ × ५०/५७, म्हणजे सुमारे ०.६०. अर्थात ते पान आरंभीच्या हातात येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. तीन प्रती असतील तर ती ३२, दोन असतील तर २२ आणि एकच असेल तर अवघी १२ टक्के होते. आमच्या मुलांनी साठ वेगवेगळी ‘भारी’ पाने एकत्र केली होती; म्हणून हवे ते पान वेळेवर येत नव्हते. त्यांनी दैवाला दोष दिला. दोष गणिताकडे दुर्लक्ष केल्याचा होता. याउलट एकच काम करणारी आठ पाने असतील तर त्यांपैकी निदान एक हाती येण्याची शक्यता ६५ टक्के, आणि बारा असतील तर ८१ टक्के होते.

तिसरे सूत्र संयमाचे. साठ हा किमान आकडा आहे; अधिक पाने घेण्यास आडकाठी नाही. पण ८० पानांच्या कॅटमध्ये चार प्रतींची तीच शक्यता ४० वरून ३१ टक्क्यांवर उतरते. प्रत्येक जादा पान आपल्या उत्तम पानांना मागे ढकलते.

चौथे सूत्र जमिनीचे. सर्वसाधारणपणे ६० पैकी २४ पाने जमिनीची ठेवतात. मग ७ पानांच्या हातात सरासरी २.८ जमिनी येतात, आणि दोन ते चार जमिनी असलेला हात सुमारे ७७ टक्के वेळा मिळतो. स्वस्त पानांच्या कॅटला काही जमिनी कमी चालतात, महागड्या पानांच्या कॅटला अधिक लागतात. जमिनीचे पान दिसायला साधे असते, म्हणून नवशिका सर्वांत आधी तेच काढून टाकतो आणि हातातील मोठमोठी पाने पाहत हरतो.

पाचवे सूत्र खर्चाच्या क्रमाचे. पहिल्या तीन पाळ्यांत दर वेळी जमीन मांडली तर १ + २ + ३ अशा सहा शक्ती मिळतात. आपले सर्वांत स्वस्त पान चार शक्तींचे असेल तर त्या सहाही वाया गेल्या. म्हणून पाने खर्चानुसार रांगेत मांडून पाहावीत. एक-दोन-तीन शक्तींची पाने पुष्कळ आणि त्यापुढची थोडी असावीत. याचे प्रसिद्ध उदाहरण १९९६ चे आहे. अटलांटा येथील एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू, इतरांनी टाकाऊ मानलेली स्वस्त पाने घेऊन उतरला व दुसरा आला. त्या कॅटमागील विचार जे श्नायडर यांचा होता : एकेक पान दुबळे असेना, पण प्रत्येक पाळीची शक्ती पूर्ण वापरली गेली पाहिजे. आजही वेगवान लाल कॅटला ‘स्लाय’ हे नाव दिले जाते.

सहावे सूत्र तपासणीचे. स्पर्धेत तीन डावांच्या सामन्यासाठी १५ पर्यंत राखीव पाने ठेवता येतात. ती कोणत्या प्रतिस्पर्ध्यासाठी आहेत हे आधीच ठरवावे. कॅट रचून झाल्यावर निदान दहा डाव खेळावेत, प्रत्येक पराभवाचे कारण वहीत लिहावे आणि एका वेळी दोनच पाने बदलावीत. सारा कॅट बदलणाऱ्याला आपली चूक कधीच सापडत नाही.

हा पाठ शिकवताना आम्हांला सर्वांत अधिक वेळ लागला तो पाने निवडण्यास नव्हे, पाने काढण्यास. कंपासपेटी देणाऱ्या मुलाने ते चकचकीत पान आपल्या वेगवान कॅटमध्येही हाताने लिहून घेतले होते. त्याला सात शक्ती लागत. अकरा डावांच्या नोंदी वहीत झाल्या. त्यांपैकी एकाही डावात ते पान खेळता आले नव्हते. बाराव्या डावाआधी त्याने ते आपणहून बाजूला ठेवले व त्या जागी एका शक्तीचे साधे पान लिहिले. पुढे त्या दोघा मुलांनी कोणी न सांगता मूळ पान आणि कंपासपेटी यांची अदलाबदल करून घेतली. तो मुलगा अजूनही पुष्कळदा हरतो. पण का हरलो, हे तो आता वहीतून दाखवू शकतो.

स्वाध्याय

१. चाळीस पानांच्या कॅटमध्ये १७ जमिनी असतील, तर ७ पानांच्या हातात सरासरी किती जमिनी येतील?
२. आठ प्रतींच्या उदाहरणातील ६५ टक्के हा आकडा स्वतः काढून पाहा.
३. आपल्या कॅटमधील एक आवडते पान निवडा. ते आवडते म्हणून ठेवले आहे की उपयोगी म्हणून, हे पाच ओळींत प्रामाणिकपणे लिहा.